दुसरा डाग

मच्छिंद्र देवकाते उंदीर सांभाळायला आला तेव्हा मला तो बिलकूल आवडला नव्हता. अंगाला मेंढरांचा वास, डोक्याला मळकं लाल मुंडासं, आणि काही विचारलं की आधी खाली बघायचं, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायची आणि मग उत्तर द्यायचं. तोवर माझं निम्मं काम उरकलेलं असायचं. मी तेव्हा नगरच्या एका मिशन दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होते. रक्त-लघवी तपासायची हे माझं पगाराचं काम. डॉक्टर कृपा हिवाळे यांच्या उंदरांचे मेंदू कापून काचेवर चढवायचे हे वरचं.

कृपाबाई लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांना एका गोष्टीने फार वर्षं छळलं होतं. तान्ह्या बाळाचा ताप डोक्यात जायचा, झटके यायचे, पण मूल वाचायचं. आईबाप पेढे ठेवून, पाया पडून जायचे. आणि चार-पाच वर्षांनी तेच मूल परत यायचं, पाय ओढत नाहीतर हात वाकडा करून. मोठे डॉक्टर सांगत की मेंदूला इजा होते ती एकदाच, जेवढी झाली तेवढीच राहते, हे काहीतरी नवीन दुखणं असणार. बाईंना ते पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, वरून बरं झालेलं आत चालूच राहत असेल. पण म्हणणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. माणसाच्या मुलाचं डोकं उघडून बघता येत नाही, म्हणून उंदीर.

पुण्याहून पांढरे उंदीर आणले. धोबीखान्यामागची पडकी खोली चुना मारून घेतली, लोखंडी मांडणीवर पिंजरे लावले. पिलू पाच दिवसांचं झालं, डोळेही उघडलेले नसत, की त्याला ईथरने गुंगवून बाई त्याच्या डोक्याची कातडी चिरत आणि मेंदूच्या वरच्या थराला तापलेल्या तारेचा एक ठिपका लावत. कातडी शिवायची, पिलू आईकडे परत द्यायचं. काही पिलं आठवड्याने मारायची, काही तीन महिन्यांनी, काही सहा महिन्यांनी, आणि दर वेळी आत किती बदललं ते बघायचं. पाप वाटायचं का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. वाटायचं. बाईंनाही वाटायचं. पण वॉर्डात पाय ओढत येणारी पोरं रोज समोर दिसत होती.

पहिल्याच महिन्यात सगळं बुडायची वेळ आली. शिवलेली पिलं परत ठेवली की त्यांची आई ती खाऊन टाकी. ईथरचा वास, माणसाच्या हाताचा वास, तिला ती आपली वाटतच नसत. बाईंनी पुस्तकं पालथी घातली. मच्छिंद्र तेव्हा नुकताच उंदरांच्या खोलीच्या झाडलोटीला लागला होता. तो दोन दिवस दारात उभा राहून बघत राहिला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, मी करून बघू का. मेंढी मेली आणि कोकरू मागे राहिलं की धनगर ते दुसऱ्या मेंढीला लावतात, तेव्हा आधी त्याच्या अंगाला त्या मेंढीचा वास चोळतात. त्याने आईच्या घरट्यातला ओला भुसा घेतला, पिलू त्यात घोळलं, पोटाखाली ढकललं आणि पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं. त्यानंतर क्वचितच एखादं पिलू खाल्लं गेलं. त्या दिवसापासून तो मच्छिंद्रमामा झाला आणि उंदरांची खोली त्याची झाली.

मामाला अक्षर येत नव्हतं. ओळख पटावी म्हणून आम्ही उंदरांच्या कानाला खाचा पाडत असू. उजव्या कानाला एक, डाव्याला दोन, असा हिशेब मी भिंतीवर लिहून लावला होता. मामाने त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो तोंडावरून ओळखायचा. मला वाटायचं थापा मारतोय. एकदा मी दोन उंदीर मुद्दाम उलटसुलट पिंजऱ्यात टाकले, तर त्याने ते जागच्या जागी नेऊन ठेवले. आपल्याला सारे उंदीर सारखे दिसतात, त्याला बहुतेक साऱ्या शिकलेल्या बायका सारख्या दिसत असाव्यात.

बहात्तर साल उजाडलं आणि पावसाने तोंड फिरवलं. लोक सरकारी दुकानातल्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होते. मामाची बायको रंगुबाई सोलापूर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. आणि आमच्या उंदरांना भिजवलेले हरभरे आणि दुधाची पावडर. एकदा मामा मूठभर हरभरे हातात धरून नुसताच उभा राहिलेला मी पाहिला. मग त्याने ते मोजून पिंजऱ्यात टाकले. एकही दाणा तोंडात टाकला नाही. माझ्या मनातली अढी त्या दिवशी गेली, हे मी कबूल करते.

आता जे सांगते ते मला पुष्कळ नंतर कळलं, पण इथेच सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मामा कर्जतकडचा. साठ मेंढरं होती, आणि चांगुणा नावाची एकुलती एक मुलगी. चांगुणा चार महिन्यांची असताना तिला ताप भरला, झटके आले, डोळे पांढरे झाले. त्यांच्यातल्या जाणत्या म्हाताऱ्याने विळ्याचं टोक तापवून तिच्या टाळूच्या बाजूला डाग दिला. मुलगी उठली. रांगली, चालली, कोकरांमागे पळायला लागली. म्हाताऱ्याने तेव्हाच बजावलं होतं की दुखणं परत डोकं वर काढील, तेव्हा दुसरा डाग द्यावा लागेल, तो चुकवू नका. पाच वर्षांची झाली आणि डावा पाय ओढायला लागली. म्हातारा तोवर वारला होता, डाग बापानेच द्यायचा होता. विळा तापला, रंगुबाईने पोरीला मांडीत धरलं. चांगुणा आता बोलती होती, तिला सगळं कळत होतं. ती म्हणाली, आबा, नको. मामाचा हात उठला नाही. त्याने विळा पाण्यात घातला.

पुढच्या दीड वर्षात चांगुणा अंथरुणाला खिळली आणि गेली. मामाने मेंढरं भावाच्या हवाली केली आणि बायकोला घेऊन नगरला आला. रंगुबाई त्याच्या ताटात भाकरी वाढायची, त्याचे कपडे धुवायची, पण चांगुणाचं नाव तिने त्यानंतर तोंडातून काढलं नव्हतं. मामाने त्याचा अर्थ एकच लावला होता. आपण दुसरा डाग दिला असता तर पोर जगली असती, आणि हे बायकोला ठाऊक आहे.

आणि असा माणूस कृपाबाईंच्या शेजारी बसून, स्वतःच्या ओंजळीत पिलू धरून, त्या तापलेली तार लावतात ते रोज बघत होता. वर बाई त्याला सांगायच्या, मामा, जपा यांना, एकही मरता कामा नये. त्याला काय वाटणार? बाई आजारी पिलांना डाग देऊन बरं करतायत. दीड वर्ष आम्ही तिघं एका खोलीत होतो आणि हे कशासाठी चाललंय ते त्याला समजावून सांगावं असं आम्हा दोन शहाण्या बायकांना एकदाही सुचलं नाही. झाडणाऱ्याला काय सांगायचं, अशीच आमची समजूत असणार. मला आजही त्याची लाज वाटते.

आता मूळ गोष्ट. त्र्याहत्तरच्या जानेवारीत शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा गट पाच महिन्यांचा झाला होता. तारेचा ठिपका दिलेले वीस उंदीर. त्यांची सहा भावंडं अशी होती की ज्यांची नुसती कातडी चिरून शिवली होती, मेंदूला हात लावलेला नव्हता. वीस उंदीर इतके दिवस अगदी धडधाकट होते, आणि आता त्यांतले काही मागचा पाय ओढायला लागले होते. बाईंना धीर निघत नव्हता. आधीच्या गटातल्या दोन-तीन मेंदूंत मला जुन्या व्रणापासून दूर, पार खोल भागात, काहीतरी दिसलं होतं. मेणात बसवलेल्या मेंदूची चकती काढताना चाकूखाली खडा आल्यासारखं कचकन व्हायचं आणि मेणाच्या पापुद्र्यावर ओरखडा उठायचा. तिथल्या पेशी वाळून गेलेल्या असायच्या, मध्ये चुन्याचे कण. ज्या जागेला कुणी कधी हातही लावला नव्हता ती जागा सहा महिन्यांनी मरत होती. हा गट तेच दाखवणार होता. बाईंची सहा वर्षं, उंदरांच्याही आधीपासूनची, या वीस डोक्यांत होती.

फेब्रुवारीत एक उंदीर आपोआप मेला. मी त्याची कातडी सोलायला घेतली तर टाळूवर वाटाण्याएवढा गोल व्रण. आमच्या टाक्यांची खूण सरळ रेघ असते. मला वाटलं, पिंजऱ्याची तार लागली असेल, आणि मी गप्प राहिले. ती माझी चूक. दोन दिवसांनी जिवंत उंदीर हातात घेतला तर त्याच्याही टाळूवर तसाच व्रण. मग तिसऱ्याच्या. मी मामाला बोलावलं.

त्याने खाली बघितलं नाही की फरशी उकरली नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "डाग दिला. बाईंनी पयला दिला हुता, दुसरा कोनीच देत न्हवतं. मंग मी दिला."

एका रविवारी आम्ही दोघी चर्चमध्ये असताना त्याने स्पिरिटच्या दिव्यावर खिळ्याचं डोकं तापवून वरच्या मांडणीवरच्या अकरा उंदरांना डाग दिला होता. कातडी चिरलेल्या सहा भावंडांना नाही, कारण त्यांना पहिला डाग मिळाला नव्हता, तर दुसरा कशाला. खालच्या मांडणीवर नऊ उंदीर होते. ते पुढच्या रविवारी करायचं ठरवलं होतं. त्या रविवारी पहिलीच मादी हातात घेतली, ती चिरकली, आणि त्याचा हात उठला नाही. पुन्हा एकदा. तेव्हापासून तो रोज त्या नऊ उंदरांसमोर बसत होता, आपल्यामुळे आता हेही मरणार म्हणून.

मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्याच राहिल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी त्यांनी मामाला एवढंच विचारलं की हे का केलंत, आणि मग त्याने चांगुणाची गोष्ट सांगितली, उभ्यानेच, भिंतीकडे बघत. संपल्यावर विचारलं की मी आता काम सोडून घरी जाऊ का. बाई नाही म्हणाल्या. तो खोलीबाहेर गेल्यावर माझ्यावर मात्र बरसल्या. पहिला व्रण दिसला तेव्हा का नाही सांगितलंस, आणि त्या सगळ्याला मी पात्र होते. अकरा उंदीर बाद. डागामुळेच आतला मेंदू वाळला, असं कुणीही म्हटलं असतं.

बाई दोन दिवस उंदरांच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या आणि म्हणाल्या, "मेरी, या माणसाने अकराला डाग दिला आणि नऊला दिला नाही. कोण वर, कोण खाली हे न निवडताच आपण मांडणीवर पिंजरे लावले होते. आपल्याला जे विचारायचं सुचलं नाही ते याने विचारून ठेवलंय."

मग त्यांनी मामाला बोलावून समोर बसवलं आणि पहिल्यांदा खरं सांगितलं. तार म्हणजे औषध नाही, ती इजा आहे, मी मुद्दाम केलेली. हे सांगताना त्या त्याच्या नजरेला नजर देत नव्हत्या. मामाने विचारलं की दुसऱ्या डागाने काही फरक पडतो का ते यात कळेल का. बाई म्हणाल्या, कळेल. तो म्हणाला, मग मला ते कळू द्या.

सहा महिने भरले. उंदीर बाईंनी स्वतः मारले, डोकी स्वतः सोलली आणि मला नुसते मेंदू दिले, आधी मेलेल्या उंदराचाही त्यांतच मिसळून, आकडे घातलेल्या बाटल्यांतून, म्हणजे कुणाला डाग होता नि कुणाला नव्हता हे मला ठाऊक राहू नये. सव्वा महिना मी सकाळ-संध्याकाळ चकत्या कापल्या. मामा दारात येऊन उभा राहायचा. एरवी मी कुणाला असं बघत उभं राहू दिलं नसतं.

यादी जुळवायची वेळ आली तेव्हा मी प्रत्येक आकडा दोनदा तपासला. कातडी चिरलेली सहा भावंडं, आत सगळं स्वच्छ. बाकीच्या विसांतल्या सतरांमध्ये तो खोल भाग वाळलेला, चुना धरलेला. डागाचे अकरा, त्यांतले नऊ. बिनडागाचे नऊ, त्यांतले आठ. खालीवर काही नाही. डागाने हाड काळवंडलंही नव्हतं, आत पोचायची गोष्टच दूर. त्याने बिघडलं नाही आणि सुधारलंही नाही. पहिली इजा आपल्या वाटेने गेली होती, मुकाट्याने, सहा महिने. निबंध वाचून पुण्याचे एक मोठे डॉक्टर म्हणाले की डागाचे अकरा गाळून टाका, शोधनिबंधात हे असलं शोभत नाही. बाईंनी गाळले नाहीत. तो निबंध त्यामुळे दोन ठिकाणांहून परत आला.

त्यांनी मामाला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दाखवलं. निळे ठिपके, मध्ये ओसाड पट्टा. त्याने दोन्हींतले ओसाड पट्टे पाहिले, डागाचा आणि बिनडागाचा. त्याला फरक सापडला नाही, आणि उंदरांची तोंडं ओळखणारा माणूस होता तो.

"म्हंजी मी दुसरा डाग दिला असता तरी?" त्याने विचारलं.

"उंदरावरून माणसाचं शपथेवर सांगता येत नाही, मामा," बाई म्हणाल्या. "पण कातडीवरचा डाग आत पोचत नाही, हे मी शपथेवर सांगते. चांगुणाच्या मेंदूला जे झालं ते चौथ्या महिन्यातल्या तापात झालं. तुम्ही विळा पाण्यात घातला म्हणून ती गेली नाही. तिला एक चटका कमी बसला, एवढंच."

मामा मुंडासं काढून खाली बसला आणि रडला. मीही रडले. मग तो म्हणाला, हे रंगुबाईला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती म्हणेल, स्वतःला सोडवून घेतोय.

म्हणून आम्ही दवाखान्याच्या जीपमधून सोलापूर रस्त्याच्या कामावर गेलो. रंगुबाई खडीच्या ढिगाशी बसली होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. डॉक्टरबाई तिच्याजवळ दगडावर बसल्या. मामा चार पावलांवर उभा राहिला. बाईंनी सगळं सांगितलं, उंदरांपासून चांगुणापर्यंत, सोप्या शब्दांत, काही न लपवता. रंगुबाईचा हातोडा चालूच होता. चांगुणाचं नाव आलं तेव्हा तो थांबला.

ती नवऱ्याकडे न बघता बोलली. "ह्यांना वाटतं माजा ह्यांच्यावर राग हाय. चार वर्सं तसंच वाटू दिलं मी. बाई, त्या दिशी पोरीला मी धरलं हुतं. समद्यांनी सांगितलं हुतं, गच्च धर, हलू देऊ नको." तिने बोटांची चिंधी घट्ट केली. "मी धरलंच न्हवतं. हात ढिलं सोडलं हुतं, तिनं निसटून पळावं म्हनून. ह्यांनी इळा पान्यात घातला, आन् मला बरं वाटलं. पुढं पोर गेली तवा ह्यांच्याकडं बगायचं कसं? ह्यांनी येकट्यानं सोसलं, आन् मी सांगितलं न्हाई."

मामा येऊन तिच्या शेजारी खडीवर बसला. मुकादमाने लांबून हाक मारली, काम का थांबलं म्हणून. दोघांपैकी कुणीच उठलं नाही. थोड्या वेळाने रंगुबाई त्याला विचारत होती की चांगुणा तेव्हा नेमकं काय म्हणाली होती, आबा नको, की आबा नका, आणि तो तिला सांगत होता.